तयारीचा खर्च

विठ्ठलवाडी
७ सप्टेंबर, रविवार

प्रिय पायल,

जय भीम.

फोन करू नका, असं तू जाताना म्हणाली होतीस. तुमचा आवाज ऐकला की दिवसभर कामात लक्ष लागत नाही, असंही म्हणाली होतीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस. मी उभा जन्म पालिकेत काढलेली बाई. जे मना आहे असं कुठे लिहिलेलं नाही ते चालतं, हे मला कुणी शिकवायला नको. हे सुचायला दोन वर्षं लागली, एवढाच माझा मंदपणा. उत्तर द्यायचं बंधन नाही.

आधी घरचं सांगते. नरेंद्रने सोनिवलीला नवा फ्लॅट घेतला. त्याचं दुसरं लग्न झाल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. मुलगी चांगली आहे, मला मम्मी म्हणते, चहात साखर कमी घालते. तक्रार करावी असं काहीच सापडत नाही आणि त्याचाही कधी कधी राग येतो. तुमचा घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतला, कोर्टाने दिला. सासू-सुनेचा वेगळा घ्यावा लागतो का, हे मला कुणी विचारलं नाही. म्हणून मी तो घेतलेला नाही.

आता ऑफिस. साथ किंवा तसलं काही मोठं संकट यायच्या आत सगळी तयारी ठेवलीच पाहिजे, असा कायदा करायचं सरकारच्या मनात आहे. मसुदा आला आहे. कायदा करण्याआधी त्यांना कळायला हवं आहे की नुसतं तयार राहायला खर्च किती येतो. म्हणून पालिकांकडून अंदाज मागवले. आमच्याकडे तो कागद आरोग्य अधिकारी डॉ. अवधूत सरांकडे आला, सरांकडून लेखाधिकारी राजेंद्र साहेबांकडे गेला, आणि साहेबांकडून, तुला वेगळं सांगायला नको, माझ्या टेबलावर.

त्यात काय काय आहे सांगू? ऑक्सिजनचा प्लांट चालू ठेवायचा. मास्क, किट, औषधं भरून ठेवायची आणि मुदत संपली की टाकून नवी घ्यायची. वीस बेडचा राखीव वॉर्ड चादरी घालून रिकामा ठेवायचा. जनरेटर दर सोमवारी थोडा वेळ चालवायचा, नाहीतर ऐन वेळी धरत नाही. राजेंद्र साहेब कपाळाला हात लावून बसले. न वापरायच्या गोष्टींवर एवढे पैसे दाखवले तर ऑडिटवाले आपल्याला सोलून काढतील, म्हणाले.

मला ते नवीन नव्हतं. कारण दर रविवारी मी तुझी ॲक्टिव्हा स्टँडवर उभी करून चालू करते. मला चालवता येत नाही हे तुला माहीत आहे. बिल्डिंगमधली पोरं हसतात. मध्ये बॅटरी उतरली, तर कॅम्प चार वस्तीतल्या त्या सिंधी दुकानदाराला बोलावून नवी बसवली. तो म्हणाला, "अम्मा, चलाता कोई नहीं, तो बेच दो ना." नरेंद्रही तेच म्हणतो. मी दोघांचंही ऐकून घेते आणि पुढच्या रविवारी परत चालू करते. तू गाडी नेली नाहीस, पण विका असंही म्हणाली नाहीस.

आता मुद्द्याचं. अंदाजात शेवटी खर्चाचं एक हेड आहे, मनुष्यबळ. मी टिपणी लिहिली आहे की साथीत घेऊन नंतर काढून टाकलेल्या नर्सेसपैकी दहा जणींना राखीव म्हणून कायम पगारावर ठेवावं. तुला तीन वेळा घेतलं आणि तीन वेळा काढलं, तिसऱ्यांदा तर हार घालून काढलं. तेव्हाच तू म्हणालीस की आता जिथे कायम नोकरी मिळेल तिथे जाईन, चिपळूण तर चिपळूण. नरेंद्र म्हणाला, नोकरी की मी. पुढचं तुम्ही जाणा. पण तेव्हा इथे कायम जागा असती, तर तू गेली नसतीस.

हे हेड मंजूर झालं तर तू परत येऊ शकशील. मला तू इथे हवी आहेस, पायल. सून म्हणून नाही, ती जागा आता भरलेली आहे. तशीच हवी आहेस.

खाली सही करताना अडले आहे. तूर्त नुसतं नाव घालते.

भिमाबाई


विठ्ठलवाडी
२८ सप्टेंबर, रविवार

प्रिय पायल,

जय भीम. हेड उडालं.

गुरुवारी बैठक झाली. प्लांट मंजूर, जनरेटरचं डिझेल मंजूर, चादरींची धुलाईसुद्धा मंजूर. शेवटी माझं पान आलं. राजेंद्र साहेब म्हणाले की यंत्र पाहणीला आलेल्या माणसाला दाखवता येतं. माणूस पगार घेऊन संकटाची वाट बघत बसला तर त्याला तयारी म्हणत नाहीत, रिकामटेकडा म्हणतात. मी म्हटलं, साहेब, अग्निशमनवाले काय करतात? ते म्हणाले, त्यांच्याकडे गाडी असते.

मग त्यांनी तोडगा काढला. म्हणाले, "बाई, जुन्या नर्सेसची यादी करा, फोन नंबर लिहा. वेळ आली की बोलावू. माणसं तयार ठेवायला खर्च कसला?" आणि मनुष्यबळापुढे शून्य लिहायला सांगितलं. अवधूत सर खिडकीतून बाहेर बघत होते. शून्य मी माझ्या हाताने टाइप केलं. पस्तीस वर्षांत पुष्कळ शून्यं टाइप केली, त्या एका शून्याचं बटण मात्र लवकर दाबवेना.

बाहेर आले तर गेटापाशी भिकी बसली होती, टोपलीत रानातली करटोली घेऊन. बारवीकडच्या पाड्यावरची ती, जिच्या पाड्यावर तू लस द्यायला चालत गेली होतीस आणि सगळी माणसं रानात पळाली होती. आधी तू स्वतः तिच्या ओट्यावर बसून भाकर खाल्लीस, मग एकेक जण परत आला. ती मला दर वेळी विचारते, "ती नर्सबाय कंदी येल गं?" मी दर वेळी म्हणते, येईल. त्या दिवशी तिने विचारलं नाही. नुसती करटोली घातली पिशवीत आणि पैसे नको म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघून तिला काय कळलं कुणास ठाऊक. पैसे मी टोपलीखाली ठेवून आले.

राखीव वॉर्ड कुठला केला आहे माहीत आहे? आपलाच, दुसऱ्या मजल्यावरचा. चावी माझ्याकडे असते म्हणून दुपारी डबा खाऊन कधी कधी एक चक्कर मारते. सहा नंबरचा बेड खिडकीजवळच आहे अजून. दुसऱ्या लाटेत माझा दमा उसळला तेव्हा मी तिथे किती दिवस होते ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की किट घातलेल्या तुम्ही सगळ्या सारख्याच दिसायचात. डोळेसुद्धा धड दिसायचे नाहीत. पण तुझा हात मी ओळखायचे. तू नाडी बघताना दोन बोटं मनगटावर ठेवतेस आणि अंगठ्याने मागून हळूच ठेका धरतेस. दुसरी कुठलीच नर्स तसं करत नाही. तो ठेका सुरू झाला की मी मनात म्हणायचे, आली.

तेव्हा मला वाटलं होतं की या पोरीने मला ओढून आणलं, आता ही जन्मभर इथेच राहणार. किती सहज वाटलं होतं.

शून्य लिहून झालं असलं तरी अंदाज अजून वर गेलेला नाही. आधी एक तालीम होणार आहे. बघू.

भिमाबाई


विठ्ठलवाडी
२६ ऑक्टोबर, रविवार

प्रिय पायल,

जय भीम.

तुझं उत्तर नाही. नकोच म्हटलं होतं मी, तरी पोस्टमन दिसला की जिन्यात उभी राहते. तो आता लांबूनच मान हलवतो.

तालमीचं ठरलं. सरकारी कागदात तिला रंगीत तालीम म्हणतात, बाकी सगळे मॉक ड्रिल. तेरा नोव्हेंबरला आहे. सकाळी कंट्रोल रूममधून यादीतल्या नर्सेसना फोन जातील. आणीबाणी आहे, ताबडतोब हजर व्हा. तालीम आहे हे फोनवर सांगायला सक्त मनाई आहे. सांगितलं तर कोण कामधंदा सोडून येईल? कोण येतं, किती वेळात येतं, हे जिल्ह्याहून आलेले निरीक्षक लिहून घेणार आणि त्यावरून ठरणार की यादी पुरते की नाही.

यादी मी केली. जुन्या नावांतली जी लग्न होऊन, नोकरी बदलून लांब गेली ती काढून टाका, असा हुकूम होता. पुण्याच्या, नाशिकच्या, दुबईच्या, सगळ्या काढल्या.

तुझं नाव राहिलं आहे. कसं राहिलं ते विचारू नकोस.

म्हणून आधीच सांगून ठेवते. तेरा तारखेला सकाळी फोन आला तर घाबरू नकोस. तालीम आहे, इथे कुणाला काही झालेलं नाही. हे फोनवर सांगायला मनाई आहे. पत्राचं त्या सूचनांत काही लिहिलेलं नाही. यायलाच पाहिजे असंही नाही. रजा काढावी लागेल, एसटीने सात तास, मला सगळं कळतं. पण आलीस तर मी बोंबलाचं कालवण करीन, आणि कुणी विचारलं तर तू सरकारी बोलावण्यावरून आलीस, माझ्याकडे नाही. मानापमानाचा प्रश्न येत नाही.

तालमीला पेशंट लागतात. डॉ. अवधूत सरांनी ऑफिसातल्यांनाच झोपायला सांगितलं आहे. सगळे लाजतात. मी म्हटलं, मी झोपते, पण मला सहा नंबर द्या. राजेंद्र साहेब हसले, म्हणाले, बाई, रिटायर व्हायच्या आधी पालिकेकडून एवढा तरी आराम घ्या.

गाडी आज पटकन चालू झाली.

भिमाबाई


विठ्ठलवाडी
१६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय पायल,

या वेळी पाकिटावर बाहेरूनच लिहिलं आहे की मी बरी आहे. म्हणजे हेही उघडलं नाहीस तरी तेवढं कळेल.

तू पत्रं वाचत असशील असं मी धरून चालले होते. आमच्या ऑफिसात कागद पोचला म्हणजे वाचला असं मानतात. टपालाचा शिक्का असला की झालं. पस्तीस वर्षं तसंच चाललं, म्हणून मला दुसरं सुचलंच नाही. मी कळवलं आहे, आता यायचं की नाही ते ती ठरवेल, एवढ्या विश्वासाने मी त्या बेडवर जाऊन पडले.

त्या दिवशीचं माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते. तुझ्या बाजूचं तू जिन्यात उभ्या उभ्या सांगितलंस तेवढंच मला माहीत आहे.

सकाळी स्वप्नालीने फोन लावले. कंट्रोल रूमची नवी मुलगी आहे, कॅम्प चारची, शब्द न शब्द लिहिलेलं वाचते. बहुतेक फोन बंद लागले. दोघी म्हणाल्या, आम्ही प्रायव्हेटला आहोत. एकीने विचारलं, पैसे किती देणार, आणि मला त्या मुलीचं काही चुकलं असं वाटत नाही. जवळच्यांपैकी कुणीही आलं नाही. तू फोनवर एवढंच विचारलंस म्हणे, किती पेशंट आहेत. स्वप्नालीने कागदावर होतं ते वाचलं, वीस, पैकी एक गंभीर.

पेशंट झालेल्या आम्हा सगळ्यांचे फोन एका ट्रेमध्ये काढून घेतले होते. तू मला सारखा लावत होतीस. दोन वर्षांत एक नाही आणि त्या दिवशी पडद्यावर मावेनात एवढे. मी ते संध्याकाळी पाहिले. अजून पुसलेले नाहीत.

निरीक्षक जेवून उशिरा आले. तोवर आम्ही तसेच पडून होतो. माझ्या तोंडावर मास्क, गळ्यात पुठ्ठा, रुग्ण क्रमांक सहा, गंभीर. पंखा चालू होता, मला झापड आली. दार जोरात उघडल्याचं ऐकू आलं. कुणीतरी पळत आलं. आणि मग मनगटावर दोन बोटं, आणि मागून अंगठा.

पायल, तू जिन्यात विचारलंस की मी झोपेत होते का, आणि मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मी पहिल्या ठेक्यालाच जागी झाले होते. मी डोळे उघडले नाहीत.

तू आई म्हणालीस. मग पुन्हा म्हणालीस. दोन वर्षं या घरात हा शब्द त्या आवाजात ऐकला नव्हता. मला कळत होतं की तू घाबरली आहेस, एका क्षणात मास्क काढून उठून बसता आलं असतं. पण उठले की तू माझा हात सोडणार, तेही कळत होतं. म्हणून थोडं थांबले. तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा तुझा अंगठा थांबला होता. तेव्हा उघडले.

तुझा चेहरा मला विसरता येत नाही. आणि त्यात तो निरीक्षक पुढे येऊन म्हणाला की शाबास सिस्टर, कुठून आलात, रिस्पॉन्स चांगला आहे. तू माझ्या गळ्यातला पुठ्ठा हातात घेतलास, वाचलास, परत नीट ठेवलास. बेसिनवर जाऊन हात धुतलेस. कोपरापर्यंत, साबण लावून, सगळा वॉर्ड बघत असताना. आणि तशीच जिन्याकडे निघालीस.

जिन्यात मी मागून आले तेव्हा म्हणालीस, "फोन उचलेनात, मला वाटलं तुम्ही गेलात. पनवेलपर्यंत मी धरूनच चालले होते की गेलात." मग पर्समधून माझी तिन्ही पत्रं काढलीस, एकही न उघडलेलं. उघडलं की मन परत इकडे ओढतं म्हणून उघडली नाहीत, म्हणालीस. तशीच धरून निघालीस कारण वाटलं, आता तुमचं एवढंच उरलं. तिकडे कुणाला न सांगता आल्याबद्दल तुला आता खुलासा द्यावा लागणार. मी म्हटलं, घरी चल, थोडी टेक. तू म्हणालीस, "माझं नाव काढा त्या यादीतून. तुमच्या तालमीसाठी मी पुन्हा अशी येणार नाही." आणि रिक्षात बसलीस. पत्रं मला देत होतीस ती मी घेतली नाहीत. ती तुझी आहेत.

बोंबलाचं कालवण केलेलं होतं. ते मी दोन दिवस खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. राजेंद्र साहेबांनी लिहायला घेतलं, राखीव मनुष्यबळ यादीद्वारे उपलब्ध, समाधानकारक. कारण एक नर्स आली होती, तीही थेट चिपळूणहून. मी म्हटलं, साहेब, हे मी टाइप करणार नाही. ती यादीमुळे आली नाही. ते म्हणाले, मग कशामुळे आली? मी म्हटलं, ते अंदाजपत्रकात बसत नाही. आणि मग मला रडू आलं, ऑफिसात, सगळ्यांसमोर. साहेबांनी उठून पंखा मोठा केला. वाईट माणूस नाही तो, फक्त आयुष्यभर वह्यांत राहिला.

अवधूत सर उठून माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी माझी जुनी टिपणी मागवली, शून्य खोडलं, दहा नर्सेसचा वर्षभराचा पगार परत घातला आणि शेरा लिहिला की इतर कोणीही आलेलं नाही, न मोजलेल्या माणसांच्या भरवशावर कायदा चालणार नाही. सही करून अंदाज वर पाठवला. मंजूर होईल की मंत्रालयात कुठल्या तरी टेबलावर पडून राहील, सांगता येत नाही. तू त्यावर विसंबून राहू नकोस. मीही राहणार नाही.

आणि तुझं नाव मी काढलं. काल, माझ्या हाताने. आता आमच्याकडून तुला कधीच फोन जाणार नाही, खोटाही नाही आणि खराही नाही. ते नाव ठेवणं माझ्यासाठी होतं, तुझ्यासाठी नव्हतं. डोळे मिटून पडणंही. एवढा वेळ मी तुझा हात फुकट धरून ठेवला, त्याची किंमत तू भरलीस.

रागव. तो तुझा हक्क आहे. मी काही उत्तर मागत नाही.

भिमाबाई


विठ्ठलवाडी
७ डिसेंबर, रविवार

प्रिय पायल,

जय भीम.

काल सहा डिसेंबर. दादरला गेले होते. तू असताना आपण दोघी जायचो आणि तू रांग सोडून औषधांच्या स्टॉलवर जाऊन बसायचीस, ते रात्रीपर्यंत उठायची नाहीस. मी तुझी चप्पल सांभाळत शेजारी. यंदा एकटीने रांग धरली. बाबासाहेबांपुढे उभी राहिले तेव्हा मागायचं असं काही नव्हतं, शुक्रवारीच मिळालं होतं. म्हणून नुसता नमस्कार केला.

शुक्रवारचं सांगते. दुपारी स्वप्नाली डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "मॅडम, वो चिपळूणवाली सिस्टर का फोन आया था. बोलली, माझं नाव यादीत परत टाका. मी बोलले, इतक्या लांबून कशाला मॅडम, तर बोलली, रस्ता माहीत आहे."

माझ्या हातातली चपाती तशीच राहिली. तिला म्हटलं, अजून काय म्हणाली?

"लास्टला विचारलं, सहा नंबरचा पेशंट कसा आहे. मी बोलले, पेशंट कुठला? तो बेड तर खाली आहे, रिकामा."

म्हणजे तू पत्रं उघडलीस. चारही. डोळे मिटल्याचंही वाचलंस आणि मग फोन केलास.

नाव घातलं आहे, पायल. या वेळी पत्ता विचारून, अंतर लिहून, रीतसर. मी मार्चअखेर रिटायर होते. त्यानंतर यादी स्वप्नालीकडे जाईल. मंत्रालयातून अजून काही आलेलं नाही. गाडी आजही चालू केली. बिल्डिंगमधल्या एका पोराने विचारलं, आजी, शिकता का? मी म्हटलं, नाही, जिची आहे तिला ऐन वेळी धक्का मारायला लागू नये म्हणून.

हे पत्र खरं तर एका चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे. स्वप्नाली नवीन आहे, तिने तुला चुकीची माहिती दिली. बेड खाली नाही. सहा नंबरचा पेशंट बरा आहे, दोन वेळा जेवतो, दम लागत नाही. नाडी मात्र तू गेल्यापासून कुणी बघितलेली नाही.

आई